दक्षिणेकडचा आंबा

प्रति,
मा. सचिव,
ग्रामपंचायत कार्यालय, वेळियांचेरी (केरळ)

अर्जदार: वल्लिक्कंडी चात्तुकुट्टी, वय ७८, पूर्वीचा धंदा नारळ पाडणे, राहणार वेळियांचेरी, देवळामागची वाट

विषय: अर्जदार जिवंत असताना त्याच्या आवारातला दक्षिणेकडचा आंबा तोडण्याची घरात गुपचूप तयारी चालली असल्याचा संशय. चौकशी होऊन संरक्षण मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाची दि. २८ मार्चची नोटीस (ही जागा मी आधी कोरी ठेवली होती. का, ते परिच्छेद ७ मध्ये कळेल.)

महोदय,

१. मी वेळियांचेरीत जन्मलो आणि बावन्न वर्षे इथल्याच लोकांचे नारळ पाडले. आपल्या कार्यालयामागे सात माड आहेत, त्यांतल्या पाचांवर मी चढलेलो आहे. उरलेले दोन नंतर लावले. गुडघ्यांनी नकार दिल्यापासून घरी असतो. लिहायला मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी शिकलो, त्यामुळे एक पान लिहायला सकाळच्या चहापासून दुपारच्या पेजेपर्यंत वेळ लागतो. खाडाखोड केलेला अर्ज कचेरीत बाजूला टाकतात असे ऐकून आहे. म्हणून एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. पुढे काही बदलले तर पुढेच लिहीन. हा अर्ज एका बैठकीत होणारा नाही, हे लक्षात घेऊन वाचावा. आज रविवार, दि. ९ एप्रिल.

२. माझ्या घराच्या दक्षिणेला एकच आंबा आहे. दक्षिणेकडचा आंबा केव्हा तोडतात हे आपल्याला सांगायला नको. तरी आपली बदली लांबून झाली असेल तर लिहून ठेवतो. आमच्यात घरातले माणूस गेले की त्याला आवारात दक्षिणेला नेतात आणि आवारातलाच आंबा पाडून त्याच्या लाकडावर ठेवतात. एरवी त्या बाजूच्या झाडाला कोणी टेप लावत नाही. माझी बायको चिरुता नऊ वर्षांपूर्वी गेली तेव्हा विहिरीजवळचा आंबा गेला. आता आवारात आंबा एकच उरला आहे आणि घरात म्हाताराही एकच. समजणाऱ्याला एवढे पुरे आहे.

३. मागच्या महिन्यात छातीत पाणी झाल्यामुळे मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो असता, पँट घातलेली, डोक्यावर निळे हेल्मेट आणि खांद्यावर दोरांची पिशवी अशी एक तिशी ओलांडलेली बाई आवारात आली. तिने आंब्याच्या खोडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळला आणि आकडा वहीत लिहिला. बाजूला माझा मुलगा सुगुणन उभा होता. मी विचारले,

"कोण गं तू?"

"मी जिन्सी, अच्छाच्छा. झाड बघायला आलेय."

"बघायला टेप कशाला लागतो?"

"घेर किती आहे ते कळायला नको का?"

"कळून काय करणार?"

तिने सुगुणनकडे पाहिले. सुगुणनने विहिरीकडे पाहिले. विहिरीत त्या वेळी पाहण्यासारखे काही नव्हते.

अच्छाच्छा आम्ही आजोबांना म्हणतो. ज्याला आयुष्यात कधी पाहिले नाही त्याला पहिल्याच वाक्यात आजोबा करून टाकणारी माणसे मी नारळाच्या व्यापाऱ्यांत पुष्कळ पाहिली आहेत.

४. एवढ्यावर मी अर्ज केला नसता. पण त्यानंतर मी डोळे उघडे ठेवले. सुगुणनचे शिवणकामाचे दुकान आहे. विशूचा सण आठवड्यावर आला असताना त्याने दोन दुपारी दुकान बंद ठेवले. सणाच्या तोंडावर कोणता शिंपी दुकान बंद ठेवतो? माझी मुलगी प्रसन्ना शारजात असते. चार वर्षांत तिला इकडे यायला सवड झाली नाही, ती आता रोज फोन करून "मी येऊ का? आता येऊ की नंतर येऊ?" असे विचारते. नंतर म्हणजे कशानंतर, हे विचारले की रडते. सून रजिता हिने डॉक्टरांनी नको म्हटलेली बांगड्याची आमटी मी न मागता दोनदा केली. न मागता सगळे मिळू लागले की माणसाने सावध व्हावे.

आणखी एक. दवाखान्यात मी झोपलो आहे असे समजून सुगुणन शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाला, "हल्ली गावात गॅसचं स्मशान झालंय. स्वच्छ असतं, पाऊण तासात होतं. नंबर लावायचा फक्त." मी जन्मभर रेशनच्या रांगेत नंबर लावला, तेवढे पुरे आहे. माझा आंबा विकून मला गॅसवर पाठवायचा बेत असल्याचा संशय मला त्या दिवसापासून आहे.

५. सदर बाईचे कार्ड मी ओसरीवरून उचलून वाचले. त्यावर 'प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञ. छाटणी व तोडणी. विमा उतरवलेला आहे' असे आहे. विमा कोणाचा, ते लिहिलेले नाही. एक फांदी उतरवायची तर आमच्याकडे कोणालाही हाक मारतात आणि त्याला दुपारी जेवू घालतात. त्यासाठी चाळीस किलोमीटरवरून शिकलेली बाई कोण बोलावतो? मोठे काम असेल तरच.

ती दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने वाळूची लहान पिशवी बारीक दोरीला बांधून पहिल्याच फेकीत उंच फांदीवरून पलीकडे टाकली, तिच्यामागून जाड दोर ओढला आणि पट्ट्यात बसून वर गेली. खोडाला पाय लावला नाही. खिळ्यांचे बूट घालणारे लोक सालीला भोके पाडतात, तसे काही केले नाही. चढणे चांगले होते, खोटे का सांगू? पण खाली उतरल्यावर तिने लाकडी हातोडीने खोडावर ठोकले आणि कान लावून ऐकले. ठोकले, ऐकले, लिहिले. असे झाडाभोवती फिरून. नारळाचा व्यापारी नारळ ठोकतो तो विकत घेण्यासाठीच ठोकतो.

जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ती सुगुणनला म्हणाली, "अच्छाच्छांना सांगितलंत का?" सुगुणन म्हणाला, "छे. डॉक्टरांनी बजावलंय, त्यांच्या मनाला लागेल असं काही कानावर घालू नका." खिडकीच्या आत मी पाणी पीत होतो.

६. सबब विनंती की, सदर बाईचे प्रमाणपत्र खरे आहे की कसे, हे तपासावे. सुगुणनचा जबाब घ्यावा. आणि झाडाचा मालक जिवंत आहे अशा अर्थाचा कागद कार्यालयाच्या शिक्क्यासह खोडावर लावून मिळावा. खिळा मारू नये, दोरीने बांधावा.

(इथपर्यंत रविवारचे लिहिणे आहे. यापुढचे सोमवारी दुपारी आणि मंगळवारी लिहिले.)

७. सोमवारी सदर बाई तिसऱ्यांदा आली. ती यायच्या आत मी खुर्ची नेऊन आंब्याच्या बुंध्याला टेकवून बसलो होतो. तेव्हा झालेले बोलणे जसेच्या तसे लिहितो.

"अच्छाच्छा, जरा उठता का? मागची ढोली बघायचीय."

"मी गेल्यावर बघ."

"कुठे जाताय?"

"ते तुला माहीत आहे. हे बघ मोळे, पोरी, घाई असेल तर तोंडावर सांग. मी अजून दोन वेळा जेवतो. काल काठी न घेता विहिरीपर्यंत जाऊन आलो."

"बरंय की मग."

"बरंय म्हणतेस? मग टेप कशाला लावलास?"

तिला काही उमगेना. ती डोंगराकडची ख्रिस्ती आहे. त्यांच्यात माणसाला जमिनीत ठेवतात, आंब्याचा प्रश्न येत नाही. तिने एकदा झाडाकडे पाहिले, मग सूर्य कुठे आहे ते पाहिले, मग माझ्याकडे. नंतर हेल्मेट काढले आणि मुळावर खाली बसली.

"अय्यो! तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी...?"

"मग कोणासाठी?"

ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. "अहो, मी झाड वाचवायला आलेय. तोडायचं तर तुमच्या पंचायतीनं सांगितलंय. मी लिहून देणार आहे की तोडायची गरज नाही, एक फांदी काढली की झालं."

माझा विश्वास बसला नाही. मी म्हणालो, "कामावर आलेला माणूस काम कमी आहे म्हणून सांगतो, हे बावन्न वर्षांत मी पाहिलं नाही. मीसुद्धा कधी सांगितलं नाही."

"माझी आई पण हेच म्हणते. म्हणते, झाडं वाचवत बैस, चूल कोण पेटवणार?" मग तिने घराकडे तोंड करून, मोठ्या भावाला म्हणतात तसे चेट्टा म्हणून, हाक मारली, "सुगुणन चेट्टा, तो कागद आणा आता. नाहीतर हे उठायचे नाहीत."

कागद शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली होता. सुगुणन तो वाचून दाखवू लागला तेव्हा मी काढून घेतला. वाचायला मला येते.

८. ही आपल्याच कार्यालयाची नोटीस होती. मी दवाखान्यात असताना आलेली. तिच्यात लिहिले आहे की वल्लिक्कंडी यांच्या आवारातले धोकादायक झाड पंधरा दिवसांत काढून टाकावे. काम प्रशिक्षित व विमा उतरवलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे. नपेक्षा कार्यालय ठेकेदाराकडून झाड तोडून घेईल आणि लाकूड जमा करील. मुदत १२ एप्रिलला संपते. म्हणजे आपण हे वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सुगुणन म्हणाला, "अच्छन, ही नोटीस वाचून तुम्ही त्याच पावली कचेरीत गेला असतात. छातीत पाणी असताना. म्हणून मीच तज्ज्ञ शोधला." त्याने दुकान बंद ठेवले ते यासाठी. माझा त्याच्यावरचा संशय परिच्छेद ४ मध्ये राहू द्यावा, कारण तो खोडता येत नाही. पण तो आता रद्द समजावा. गॅसच्या स्मशानाबद्दलचा तेवढा चालू ठेवावा. त्याबाबत त्याने अजून काही सांगितलेले नाही.

नोटिशीला तक्रारीची प्रत जोडली होती. ती वाचायच्या आधीच मी ओळखली. ते अक्षर शेजारच्या दाक्षायणी टीचरचे आहे. चिरुता होती तोवर विजेचे बिल, पत्र, औषधाची चिठ्ठी तीच वाचायची. ती गेल्यावर पहिले बिल आले ते मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग भिंतीपलीकडे टीचरच्या ओसरीवर वर्ग होता, तिथे जाऊन बसलो. टीचरने काढून दिलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून मी अक्षर शिकलो. माझ्या या अर्जातले वळण त्यांचेच आहे. शेजारी ठेवून पाहावे.

९. मी तडक टीचरकडे गेलो. मी वयाने मोठा म्हणून त्या मला चात्तुएट्टा म्हणतात, वर्गात मात्र उभे करायच्या.

"टीचर, माझं झाड तोडा म्हणून तुम्ही लिहून दिलंत?"

"कोण म्हणतं?"

"तुमचं अक्षर म्हणतं."

"मग अक्षर वाचा, चात्तुएट्टा. पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय भांडायला यायचं नाही, हे शिकवलं होतं की नाही?"

मी त्यांच्या पायरीवर बसून बोट ठेवून वाचले. 'शेजारील आंब्याची एक फांदी माझ्या स्वयंपाकघराच्या कौलांवर टेकली आहे. पावसाआधी तेवढी छाटून मिळावी.' बाकी दोन ओळी कौलांच्या आहेत. झाड तोडा असे कुठेही नाही.

"मग भिंतीवरून मला हाक मारायची. पंचायत कशाला?"

"तुम्ही दवाखान्यात होतात. सुगुणनला सांगितलं, तर म्हणाला, अच्छन आल्यावर बघू. आता तुम्ही कधी येणार, येणार की..." एवढे बोलून त्या चहा करायला आत गेल्या. चहात साखर जास्त होती. माझ्यासाठी त्या कधी एक चमच्याच्या वर घालत नाहीत.

१०. आता माझा संशय आपल्या कार्यालयावर आहे, हे नम्रपणे नमूद करतो. टीचरच्या ओसरीपासून आपल्या टेबलापर्यंत दीड किलोमीटर अंतर आहे. एवढ्या वाटेत एका फांदीचे अख्खे झाड कसे झाले? जिन्सीने तीनदा येऊन, वर चढून, खोडाला कान लावून जे पाहिले, ते आपल्या माणसाने एकदाही न येता कसे पाहिले? नोटीस मी उन्हात धरून नीट पाहिली आहे. नाव, पत्ता आणि तारीख पेनने लिहिली आहे. 'धोकादायक झाड काढून टाकावे' हे छापील आहे. म्हणजे कोणी पानाची तक्रार केली असती तरी झाडच गेले असते. छापखान्याची चूक असेल तर छापखान्याला लिहावे. लाकूड जमा होणार तो ठेकेदार कोण आणि जमा कुठे होते, हेही अर्जदारास कळावे. जुन्या आंब्याचे लाकूड किती दिवस कार्यालयात राहते, याची मला उत्सुकता आहे.

११. जिन्सीचे लेखी म्हणणे सोबत जोडले आहे. मी ते तिच्यासमोर दोनदा वाचले आणि न कळलेल्या जागी तिला थांबवले. तिच्या म्हणण्याप्रमाणे खोड आतून भरीव आहे. ढोली एकच आहे, ती जुनी आहे, तिच्यात मैना राहते. टीचरच्या कौलांवर आलेली फांदी या आठवड्यात काढावी. वरच्या एका वाळल्या फांदीवर बांडगूळ आहे, ती फांदी कैऱ्या उतरल्यावर मेअखेर काढावी. मी घावाला शेणमाती लावू म्हणालो तर ती नको म्हणाली, झाड आपला घाव आपण भरते. फांदी खोडाशी घासून कापत नाहीत, फांदीच्या बुडाशी असलेली गाठ राखून कापतात. आधी खालून अर्धे कापायचे, मग वरून, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. हे मी आयुष्यभर उलटे करत होतो. नारळ सरळ झाड आहे, त्यात हे काही नसते.

सबब, विषय बदलला आहे. वरचा विषय खोडलेला नाही, पण तो पुढीलप्रमाणे वाचावा: नोटिशीत झाडाच्या जागी फांदी करणे, ठेकेदारास न पाठवणे आणि दुसऱ्या फांदीसाठी ३१ मेपर्यंत मुदत देणे. जिन्सीचे प्रमाणपत्र तपासण्याची विनंती मी मागे घेतो. ते तिने स्वतःच दाखवले. शिक्का आहे, फोटो तिचाच आहे.

१२. शेवटची विनंती वेगळी आहे. तिच्यासाठी आपल्याकडे छापील कागद नसणार, म्हणून इथेच लिहितो.

चिरुता पहाटे गेली. आठ वाजता चौघे कुऱ्हाडी घेऊन आले. अशा दिवशी घाई असते. पूर्वी सुतार झाड पाडायच्या आदल्या दिवशी झाडाला हात लावून सांगत, उद्या आम्ही येणार आहोत, वर जे कोणी राहतात त्यांनी दुसरीकडे जावे. त्या दिवशी सांगायला आदला दिवसच नव्हता. झाड कसेही पाडले. ते विहिरीच्या कठड्यावर पडले, कठडा फुटला. खारीची दोन पिल्ले गवतात सापडली. ओले, मोठे ओंडके तसेच रचले. दुपारपर्यंत नुसता धूर. नारळाच्या करवंट्या घालून घालून माझे हात भाजले. ती बाई आयुष्यात कोणाला ताटकळत ठेवणारी नव्हती, आणि तिलाच ताटकळावे लागले. झाडाच्या कामाला कोणालाही हाक मारली तरी चालते अशा अर्थाचे मी परिच्छेद ५ मध्ये म्हटले, ते चूक आहे.

म्हणून दक्षिणेकडचा आंबा माझ्या वेळी तोडण्याची परवानगी मला आताच लिहून मिळावी. त्या दिवशी अर्ज करायला मी नसेन आणि सुगुणनला अर्ज लिहायला वेळ नसेल. काम जिन्सीनेच करावे. तिला मी विचारले आहे. ती आधी "असलं काय बोलता" म्हणाली. मग बराच वेळ दोर गुंडाळत बसली आणि म्हणाली, "बोलावलंत तर येईन अच्छाच्छा. पण मी घाई करायची नाही, आणि कोणी मला घाई करायची नाही." मला एवढेच हवे होते. परवानगीवर तारखेची जागा कोरी ठेवावी. ती सुगुणनने भरावी. आधी भरू देऊ नये.

आज सकाळी तिच्या कागदावर सही करून झाल्यावर, सगळे आत गेल्यावर मी खोडाला हात लावून उभा राहिलो. सांगितले की घाई नाही. या वर्षीचे आंबे खायचे आहेत, पुढच्या वर्षीचेही बघू. पण एक दिवस माणसे येतील आणि त्या वेळी आदला दिवस मिळणार नाही. तेव्हा वर जे कोणी राहतात त्यांनी हे सांगणे आगाऊ समजावे. मैना ढोलीतून डोके काढून बघत होती.

झाडाला कळवून झाले आहे. कार्यालयाला कळवायचे राहिले होते, ते या अर्जाने कळवले.

आपला नम्र आणि अद्याप जिवंत,

(सही)
वल्लिक्कंडी चात्तुकुट्टी
वेळियांचेरी, मंगळवार, दि. ११ एप्रिल २०२३

सोबत:
– नोटीस, मूळ प्रत (वाचून परत करावी)
– दाक्षायणी टीचर यांच्या तक्रारीची प्रत. 'एक फांदी' या शब्दांखाली त्यांनी स्वतः लाल रेघ मारून दिली आहे.
– श्रीमती जिन्सी वर्गीस, वृक्षतज्ज्ञ, यांचे लेखी म्हणणे
– चार कैऱ्या, सदर झाडाच्या. हे काही देणे-घेणे नाही. झाड जिवंत असल्याचा पुरावा म्हणून जोडल्या आहेत.